सागवानी टेबलाच्या कडा: दुरुस्तीच्या नोंदी, टिळकवाडी, बेळगाव

९ जून

कॅम्पातल्या एका बदली झालेल्या कुटुंबाकडून हे टेबल १,८०० रुपयांना घेतलं. टेम्पोचे ४०० वेगळे. साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन खण, सगळं सागवान. खण उलटे करून, फळीच्या खाली हात घालून बघितलं, प्लाय कुठेच नाही. पीठ पडत नाही, म्हणजे किडा नाही. वाळवीची मातीही नाही. मग एवढ्या स्वस्तात का, तर कडांमुळे.

बसणाऱ्याचे हात टेकतात तिथे पुढची कड दीड-दोन फूट गोलसर झिजली आहे. डावा कोपरा तीनेक इंच तुटून गेलाय. कुणीतरी तिथे राखाडी लगदा भरून वरून तपकिरी ऑइल पेंट फासलाय. उजव्या कडेच्या नखाएवढ्या खपल्या उडाल्यात. फळीच्या खाली पुढून लावलेली नक्षीची अरुंद पट्टी एका टोकाला सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सुटली आहे. मागचे दोन पाय तळाशी मऊ, सुरी टोचली की आत जाते. फरशी पुसताना वर्षानुवर्षं पाणी लागून होतं तसं.

घरात सल्ला मिळाला की रंधा मारून सगळीच कड सरळ करून टाक. ते करणार नाही. हात टेकून झिजलेली कड गुळगुळीत असते, बोचत नाही, तिच्यात कपडा अडकत नाही. ती सरळ करायची तर फळी दोन सूत अरुंद होईल आणि इतक्या वर्षांत मुरलेला रंग भुशात जाईल. झिजलेलं तसंच ठेवायचं, तुटलेलं आणि कुजलेलं तेवढं बदलायचं. पुढचा सगळा हिशेब या एका निर्णयावर आहे.

११ जून

आज फक्त पॉलिश कुठलं आहे ते तपासलं. खणाच्या आतल्या कडेला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरला, तर बोट चिकटायला लागलं आणि बोळा तांबूस झाला. म्हणजे चपडा लाखेचं जुनं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नसतं आणि थिनरने मऊ पडलं असतं, तर लॅकर समजायचं. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनसारखं कडक पॉलिश, आणि मग काम वेगळं.

लाखेचं निघालं हे बरं झालं. लाखेचा नवा हात जुन्या लाखेला थोडं विरघळवून तिच्यात मिसळतो. त्यामुळे ठिगळ लावलं तेवढ्याच जागी पॉलिश करता येतं, सगळं टेबल खरवडावं लागत नाही. तपासायला पाच मिनिटं लागतात. ती न घालवता पॉलिश पेपर हातात घेणाऱ्यांचं पुढे बरंच काम वाढतं.

१६ जून

पाऊस लागला. डाव्या कोपऱ्यातला लगदा काढायला घेतला. दोन भाग मळून भरतात तसला इपॉक्सीचा गोळा निघाला. पटाशीने थेट उचकटला तर आजूबाजूचं चांगलं सागवान सोलून येतं, हे पहिल्या दोन ठोक्यांतच दिसलं. म्हणून हेअर ड्रायर लावला. बराच वेळ एकाच जागी गरम हवा दिल्यावर लगदा जरा नमतो, मग पटाशीची मागची बाजू लाकडाला टेकवून थोडा थोडा सोडवायचा. पेंट काढायची मोठी हीट गन असते तिने हे काम लवकर होईल, पण शेजारची लाख फुगून उकळते. कोपऱ्यासाठी ती नको.

अर्धं झालं आणि करंट गेला. संध्याकाळपर्यंत आला नाही.

लगद्याखाली लोखंडी खिळे ठोकलेले होते, पकड मिळावी म्हणून. खिळ्यांभोवती लाकूड काळंनिळं झालंय. लोखंड, ओल आणि लाकडातला तुरटपणा एकत्र आला की हा डाग पडतो, तो घासून जात नाही. खिळे ओढून काढले. एक डोक्यापासून तुटला, त्याच्याभोवती बारीक ड्रिल मारून पक्कडीने काढावा लागला.

१९ जून

काळ्या डागांना ऑक्झॅलिक ॲसिड. कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावलं, डाग फिकट होईपर्यंत पुन्हा पुन्हा. नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घेतलं. हे विषारी आहे. हातमोजे हवेत, स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही, आणि वाळल्यावर उरलेली पांढरी पूड पॉलिश पेपरने उडवायची नाही, ओल्या फडक्यानेच टिपायची. डाग सत्तर-ऐंशी टक्के गेले. जे उरले ते तुटक्या भागाबरोबर कापून जाणारच आहेत.

२३ जून

उजव्या कडेच्या बारीक खपल्यांसाठी सोपा उपाय करून बघितला. सागाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला. वाळल्यावर पॉलिश पेपर मारून स्पिरिटने ओला केला, पॉलिश केल्यावर रंग कसा येईल ते बघायला. काळपट ठिपके. भुशातल्या गोंदामुळे तिथे पॉलिश मुरत नाही आणि ओला भुसा लाकडापेक्षा गडद दिसतो. शिवाय एक खपली नखाने उचकटली तर अख्खी निघून आली.

अनगोळच्या मेस्त्रींना फोटो दाखवले. वय सत्तरीकडे, आता मोठी कामं घेत नाहीत, पण बघायला आले. कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “काय करूलीस ताई? सपाटीला लांबी चालते. कडंला लांबी टिकत न्हाई. लाकूडच बसवाय पायजे.”

लांबी म्हणजे भोकं बुजवायचा लगदा. कडेला ती का टिकत नाही, त्याचं त्यांनी सांगितलेलं कारण असं. फळीच्या मधोमध भोक असलं तर भरलेल्या लांबीला चारी बाजूंनी भिंत असते. कडेला दोन बाजू उघड्या. तिथेच खुर्चीचा हात आपटतो, तिथेच मोलकरीण टेबल ओढताना धरते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात फळी आडवी फुगते, उन्हाळ्यात आवळते. लांबी जागची हलत नाही, मग सांध्यावर केसाएवढी चीर पडते आणि पुढच्या मृगात लांबी हातात. खडूची पूड आणि पिवडी, हिरमिजी हे मातीचे पिवळे-तांबडे रंग घालून केलेली जुनी लांबी असो की डब्यातली तयार, गोष्ट तीच.

भुसा-फेविकॉलचे सगळे ठिपके कोरून काढले. यात एक रविवार गेला.

३० जून

ठिगळासाठी लाकूड. नवं सागवान वखारीत मिळतं, पण ताजं कापलेलं पिवळट दिसतं, मधूनच हिरवट पट्टा असतो. उजेडात राहून ते तपकिरी होतं, त्याला महिने लागतात. माझ्या टेबलाचा रंग पिकलेला आहे. त्यामुळे जुन्या घरांची मोडतोड विकणाऱ्याकडे गेले. शहापूर, वडगाव भागातली जुनी कौलारू घरं पाडून मजले चढतायत, त्यांच्या चौकटी, तुळया, कडीपाट इथे येतात. खानापूरचं सागवान म्हणून तो सगळंच विकतो. त्यातलं किती खरोखर खानापूरच्या रानातलं, देव जाणे. मला हवी होती दीड हाताची मोडकी चौकट. तेवढी २५० ला दिली.

घेताना दोन गोष्टी बघितल्या. चौकटीच्या वरच्या रंगाला भुलायचं नाही, करवतीने टोक कापून आतला रंग बघायचा. आणि लाकडातल्या रेषा. टेबलाच्या कडेला रेषा जवळजवळ सरळ, बारीक आहेत. चौकटीच्या एका अंगाला तशाच मिळाल्या, दुसऱ्या अंगाला रेषांचे डोंगरासारखे मोठे बाक होते. रंग पॉलिशमध्ये जुळवता येतो, रेषा जुळवता येत नाहीत. निवडायची वेळ आली तर रेषा बघून घ्यावं.

घरी आल्यावर चौकटीत लपलेले खिळे चुंबकाने शोधले. करवतीच्या आधी हे करायचं.

६ जुलै

डावा कोपरा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता.

तुटलेल्या भागाची कड वेडीवाकडी आहे. त्या आकाराचं ठिगळ कापायचा प्रयत्न करायचाच नाही. उलट टेबलातली जागा सरळ रेषांत कापून घ्यायची, म्हणजे ठिगळ कापणं सोपं जातं. खोलवर तुटलंय तिथपर्यंत पेन्सिलीने रेघ मारली, कडेपासून पाच सूत आत. ही झाली खाचेची लांब बाजू, रेषांच्या दिशेने. प्रश्न असतो आतल्या टोकाचा. आधी ते काटकोनात कापलेलं ठिगळ ठेवून बघितलं. दोन दोष. एक, रेषांना आडवी जाणारी सरळ रेघ दहा फुटांवरून दिसते. दोन, तिथे लाकडाचं टोक लाकडाच्या टोकाला लागतं आणि असा सांधा गोंदाने नीट धरत नाही, टोक गोंद पिऊन टाकतं. तो तुकडा बाजूला ठेवला.

मग आतलं टोक लांब तिरपं केलं, कडेकडे निमुळतं होत जाणारं. तीन इंचांचं ठिगळ साडेचार इंचांचं झालं. थोडं चांगलं लाकूड जास्त कापावं लागलं, पण सांध्याची रेघ रेषांच्या जवळजवळ बरोबरीने धावते आणि नजर तिच्यावर अडकत नाही.

खाच करताना आधी बारीक दातांच्या करवतीने तिरपी रेघ कापली, मग पटाशीने आतून बाहेर पातळ पातळ सोललं. सागवानात सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता जाते. दर दहा-पंधरा मिनिटांनी धारेच्या दगडावर. बोथट पटाशी जोर लावून चालवली की ती खाचेचा तळ उकरते आणि ठिगळ डगडगतं.

तळ सपाट झाला का हे डोळ्यांना कळत नाही. ठिगळाच्या पोटाला निळा खडू चोळला, जागेवर दाबून उचललं. खाचेत जिथे निळं लागलं तो उंचवटा. तेवढाच पटाशीने काढला, पुन्हा दाबलं. निळं सगळीकडे सारखं उमटेपर्यंत हेच. शेवटी ठिगळ बोटाने दाबल्यावर ‘टप’ असा आवाज येऊन बसलं आणि हात काढला तरी पडलं नाही.

ठिगळ वरून आणि पुढून दोन्हीकडे एक सूत जास्त ठेवलं आहे. बरोबर मापाचं कापून बसवलं तर गोंद लावताना ते हमखास घसरतं आणि खाली बसतं, मग टेबल घासून खाली आणावं लागतं.

७ जुलै

चिकटवणं. साग तेलकट लाकूड आहे, त्यामुळे गोंद लावण्याआधी दोन्ही अंगं थिनरच्या फडक्याने पुसली आणि वाळल्या वाळल्या लगेच फेविकॉल. पातळ थर, दोन्हीकडे.

कोपऱ्यावर क्लॅम्प लावायला धड जागा नसते, तिरप्या टोकावर तो सरकतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. त्या ताणून कोपऱ्यावरून, फळीच्या खालून, पुन्हा कोपऱ्यावरून गुंडाळल्या. रबर सगळीकडून सारखं आवळतं आणि डाग पडत नाही. सायकल दुकानात ट्यूब फुकट मिळाली. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसला. राहिला तर पॉलिशमध्ये पांढुरका डाग दिसतो.

डब्यावर लिहिलेल्या वेळेवर या हवेत विसंबायचं नाही. भिंतीला ओल आलीय. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र बांधून ठेवलं.

९ जुलै

रंध्याने ठिगळ उतरवलं. एका दिशेने रंधा मारला की रेषा उचकटत होत्या, तेव्हा उलट दिशेने. शेवटचा कागदाएवढा थर रंध्याने न काढता फुटक्या काचेच्या धारेने खरवडला. आमच्याकडचे मेस्त्री अजून हेच करतात. हातात जाड फडकं धरून. मग १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ रेषा जास्त झिजतात आणि कड लाटेसारखी होते.

ठिगळ बसलं, पण नव्याची धार तीक्ष्ण आणि शेजारची जुनी कड गोलसर, म्हणून ते ओरडून सांगत होतं की मी नवीन आहे. कानशीने धार मोडली, २२० च्या पेपरने गोल केली, मग स्टीलच्या चमच्याची पाठ जोर लावून कडेवरून पुढेमागे घासली. दाबलं गेल्यामुळे लाकडाला जुन्या कडेसारखी मऊ चकाकी येते. डोळे मिटून कडेवरून हात फिरवला तर सांधा लागत नाही.

उजव्या कडेच्या खपल्या आता किरकोळ वाटल्या. सुट्या सुट्या न भरता सगळ्यांना पोटात घेणारी एकच लांबट, दोन्ही टोकांना निमुळती खाच केली आणि एकच काडी बसवली. पद्धत तीच.

१४ जुलै

सुटलेली नक्षीची पट्टी सोपी वाटली होती. फटीत फेविकॉल घालून, क्लॅम्प लावून काल रात्री ठेवली. आज क्लॅम्प सोडला आणि पट्टी पुन्हा सूतभर बाहेर.

पूर्ण सोडवून बघितली तेव्हा आत तपकिरी, काचेसारखा तुकडे पडणारा थर दिसला. सरस. जुने सुतार कातडी-हाडांचा सरस गरम करून वापरायचे. जुन्या सरसावर पांढरा गोंद धरत नाही, त्याला लाकूड मिळालंच नाही तर तो धरणार कशाला? गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं सांध्यावर ठेवलं. सरस चिकट झाला आणि त्याचा वास सुटला, त्या वासावरूनही ओळखता येतो. जुन्या चाकूच्या पाठीने दोन्हीकडचा खरवडून काढला, गरम फडक्याने पुसला.

लाकूड आता ओलं. आत्ता चिकटवायचं नाही. पट्टी फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवली.

१९५० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं सामान असेल तर सांध्यात सरस आहे असंच धरून चालावं. त्याचा एक फायदाही आहे. गरम पाण्याने सांधा न तोडता सुटतो.

२१ जुलै

पट्टी बसली, नीट.

कोपऱ्याला पॉलिश करायला घेतलं आणि काम तिथेच थांबलं. लाख आदल्या दिवशी भिजत घातली होती, पाव किलो चपडा लाखेला एक लिटर स्पिरिट, प्लास्टिकच्या बरणीत. लोखंडी डब्यात लाख काळवंडते. सकाळी मलमलमधून गाळली, बोळा केला, दोन हात दिले. दहा मिनिटांत सगळं पांढरट, काचेवर वाफ धरावी तसं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लाखेत अडकते. बाहेर झडी लागलेली. खोली बंद करून, पंखा बंद करून, बल्ब लावून बघितलं. थोडं कमी झालं, गेलं नाही.

मेस्त्रींचं म्हणणं, “ह्या हवेत आम्ही पॉलिशची कामंच घेत न्हाई. गणपती होऊ दे.” इथे जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लाखेला हात लावू नये, एवढं पक्कं. टचवुडसारखं तयार वॉर्निश या हवेत उशिरा वाळतं पण पांढरं पडत नाही, असं दुकानदार म्हणाला. मला जुन्या पॉलिशवर दुसऱ्या जातीचा थर नको होता, म्हणून घेतलं नाही.

टेबल उलटं करून खोलीत ठेवलं, पाय वर. कुजलेली टोकं तेवढ्यात वाळतील. दोन महिने गेले.

२२ सप्टेंबर

गणपती झाले. पायांची टोकं कोरडी, सुरी टोचली की भुगा पडतो. नवा पाय लावायची गरज नाही. घट्ट लाकूड लागेपर्यंत दोन्ही मागचे पाय कापले, सुमारे दोन इंच. चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून ठोकळे केले. इथे टोकाला टोक लागणारच, म्हणून नुसत्या गोंदावर न सोडता मधून लाकडी खुंटी घातली आणि ॲराल्डाइटने चिकटवलं. ठोकळे मुद्दाम जरा लांब ठेवले, टेबल सपाट फरशीवर उभं करून पुढच्या पायांखाली पाचरी देऊन फळी समपातळीत आणली, आणि पाचरींच्या उंचीवर मागच्या पायांना पेन्सिल फिरवून मग कापले. आधी मापाने कापून नंतर डगडग काढत बसलं की टेबल दर वेळी बुटकं होत जातं.

चारही पायांच्या तळाला पातळ ॲराल्डाइटचा हात आणि रबरी बूट. पाणी टोकातूनच वर चढतं, तळ बंद केला की पुढची कुज टळते.

६ ऑक्टोबर

हवा कोरडी. जुलैत पांढरं पडलेलं पॉलिश खरवडावं लागलं नाही. स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा हलक्या हाताने फिरवला, लाख पुन्हा मऊ झाली आणि अडकलेली ओल निघून गेली. बोळा जास्त ओला झाला तर लाखच उठून येते.

ठिगळ अजून अर्ध्या छटेने फिकट होतं. पातळ लाखेत चिमूटभर हिरमिजी आणि त्याहून कमी काजळी घालून बारीक ब्रशने फक्त ठिगळावर दोन हात. रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीशी जुळवायचा. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग सकाळी हिरवट दिसला, तो स्पिरिटने पुसून पुन्हा केला. वरून साध्या लाखेचे पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये तासभर, आणि तिसऱ्यानंतर ३२० चा पेपर अगदी हलका.

१२ ऑक्टोबर

खर्च: टेबल आणि टेम्पो २,२००. चौकट २५०. लाख आणि स्पिरिट मिळून ५०० च्या घरात. फेविकॉल, ॲराल्डाइट, ऑक्झॅलिक, पॉलिश पेपर मिळून साधारण ४५०. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, कुंदा मात्र घेतला. पटाशी आणि रंधा घरात होते. ते विकत घ्यावे लागले तर हजार-बाराशे धरा.

दोन गोष्टी राहिल्यात. डाव्या खणाचा खालचा काठ घासून पातळ झालाय, तिथे सागाची अरुंद पट्टी लागेल. सध्या मेणबत्ती चोळून चालवते. आणि लाखेवर गरम कप ठेवला की पांढरी गोल खूण पडते, म्हणून घरात प्रत्येकाला ताटली ठेवायला सांगितलंय. कुणी ऐकत नाही. पहिली खूण परवाच पडली, ती ६ तारखेच्याच बोळ्याने गेली.